हर्सूलच्या वाटेवरची शिकार आणि तिचा दारूगोळा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातून उत्तरेकडे अजिंठ्याला जाणारा रस्ता वस्ती मागे टाकून डोंगराच्या दिशेने निघतो, तिथे हर्सूल हे गाव आहे. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी येथे वसवलेल्या शहराला ज्या खाम नदीच्या खोऱ्यातून नहरीने पाणी आणले, त्याच खोऱ्यात ते वसलेले असून आज तलाव, हरसिद्धी मातेचे देऊळ आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. हर्सूलवरून सावंगी, चौका, फुलंब्री, सिल्लोड असा हा रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेला भिडतो, आणि शहरातल्या किंवा छावणीतल्या शिकाऱ्याला उत्तरेचे रान गाठायचे असेल तर याच वाटेने जावे लागे. मोकळ्या माळावर काळवीट आणि चिंकारा, शेताच्या कडेच्या झुडपांत आणि ओढ्याच्या घळीत रानडुक्कर, विरळ झाडीत रोही, म्हणजे नीलगाय, सर्वत्र कोल्हा आणि लांडगा, आणि डोंगरात बिबट्या व एकोणिसाव्या शतकापर्यंत वाघही, असा या मुलखाचा शिकारीच्या दृष्टीने ऐवज होता.

शिकारीवरच्या लेखनात शिकारी, जनावर आणि रान यांची वर्णने विपुल आढळतात, परंतु दारूगोळ्याकडे, म्हणजे बारूद, शिशाची गोळी, छर्रे, टोपी आणि पुढच्या काळातले काडतूस या सामग्रीकडे, फारसे लक्ष दिले गेलेले नाही. वास्तविक कोणत्या जनावरावर कोणती गोळी वापरावी हा प्रश्न शिकारीइतकाच जुना आहे, कारण प्रत्येक जनावराची घडण वेगळी असते. प्रौढ रानडुकराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारख्या चिवट थराची जाड ढाल तयार होते, त्यामुळे त्याला लागणारी गोळी जड आणि खोलवर घुसणारी असावी लागते. हरणाचे अंग नाजूक असल्याने तिथे घुसण्यापेक्षा आत जाऊन पसरणाऱ्या गोळीचा उपयोग अधिक होतो. कोल्ह्यासारख्या लहान जनावराला हलकी गोळी किंवा मोठे छर्रे पुरतात. अमेरिकेत आजही रानडुक्कर, हरीण आणि कायोटी (कोल्हा व लांडगा यांच्या जातकुळीतला तिथला प्राणी) यांच्यासाठी वेगवेगळ्या काडतुसांचा ऊहापोह चालतो, आणि तो याच तीन गरजांभोवती फिरतो. मराठवाड्यातला इतिहास पाहिला तर मात्र असे दिसते की येथे गोळी निवडण्याचे स्वातंत्र्य फार थोड्यांना आणि फार थोडा काळ लाभले. बहुतेकांच्या बाबतीत गोळीची निवड जनावराने केली नाही. ती राज्यकर्त्याने, कायद्याने आणि बाजारातल्या शिशाच्या भावाने केली.

या मुलखातल्या बंदुकीच्या शिकारीचा पहिला दीर्घ कालखंड तोड्याच्या बंदुकीचा आहे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती पेटवली की ज्योत न धरता धुमसत राहते. बंदूक भरताना नळीच्या तोंडातून मोजून बारूद ओतायची, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा आणि मग गोळी घालायची, गजाने ठासायचे, नळीच्या बुडाशी असलेल्या कानात रंजक, म्हणजे अधिक बारीक वाटलेली बारूद, भरायची आणि घोड्याच्या चिमटीत धुमसता तोडा अडकवून चाप ओढायचा, असा तिचा क्रम होता. बारूद सोरा, गंधक आणि कोळसा यांची असे. त्यांपैकी सोरा खारवट मातीतून धुऊन काढता येई आणि कोळसा हलक्या लाकडाचा करता येई, त्यामुळे गंधक आणि शिसे विकत मिळाले की बाकीचा दारूगोळा गावातच सिद्ध होत असे. अशा घरगुती बारुदीचा जोर दर खेपेला सारखा नसे, गोळीही नळीपेक्षा थोडी लहानच ओतावी लागे, कारण काजळी धरलेल्या नळीत घट्ट गोळी उतरत नाही. परिणामी पन्नास-साठ पावलांपलीकडे नेमाचा भरवसा राहत नसे. शिवाय तोड्याचा वास आणि अंधारातला त्याचा ठिपका जनावराला सावध करी, आणि पहिला बार फुकट गेला की दुसरा भरेपर्यंत ते दृष्टिआड झालेले असे.

म्हणूनच या बंदुकीची शिकार ही जवळ जाण्याची किंवा जनावराला जवळ आणण्याची कला होती. औरंगजेबाला नीलगाईवर बंदूक झाडताना दाखवणारे सुमारे 1660 चे एक मोगल चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यात माणसाळवलेल्या नीलगाईच्या आमिषाने रानटी नीलगाय जवळ आणण्याची युक्ती दिसते. बादशाही शिकारीतही अंतर कमी करण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागत होता, ही गोष्ट त्या काळच्या गोळीच्या मर्यादा सांगण्यास पुरेशी आहे. दरबाराजवळ शिकारखाना होता, म्हणजे शिकारीची जनावरे, माणसे आणि साहित्य सांभाळणारे खाते होते. काळविटामागे सोडण्यासाठी चित्ते होते. जातिवंत नळीची बंदूक आणि चाळलेली बारूद होती. गावच्या शेतकऱ्यापाशी यांतले काहीच नव्हते. त्याच्या बंदुकीत गोळीऐवजी शिशाचे तुकडे, खिळ्यांची टोके, प्रसंगी गोटेही जात, आणि त्यांचा मार रानडुकराच्या खांद्यावर फुकट जाई किंवा जखमी जनावर हाताबाहेर जाई.

दारूगोळ्याच्या या इतिहासात ज्यांचे नाव कुठेच येत नाही ते पारधी होत. हरणांसाठी केसाचे किंवा तातीचे फास, डुकरांसाठी वाघूर, म्हणजे जाड दोरांचे जाळे, आणि पाखरांसाठी लहान फासक्या या साधनांनी त्यांनी बारुदीच्या कणाशिवाय शिकार साधली, आणि मांसाच्या वजनाचा हिशेब मांडला तर मराठवाड्यातल्या बाजारात गेलेली शिकार बंदुकीपेक्षा फासाने अधिक मिळवली असावी असे मानायला जागा आहे. गोऱ्या शिकाऱ्यांच्या पुस्तकांत माग काढणारा, हाका घालणारा आणि जनावर दाखवून देणारा माणूस पानोपानी भेटतो. परंतु त्याच्या हातात बंदूक क्वचितच दिसते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसल्यावर तर त्यांच्या हाती परवान्याची बंदूक येण्याचा प्रश्नच उरला नाही.

अजिंठ्याच्या वाटेवरची सर्वांत प्रसिद्ध शिकार 28 एप्रिल 1819 रोजी झाली, आणि ती वाघासाठी नव्हे तर लेण्यांसाठी लक्षात राहिली. मद्रास लष्करातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शोधात वाघूर नदीच्या घळीवर आला असता त्याला समोरच्या कड्यात लेण्याची कमान दिसली, आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव व तारीख कोरून त्याने आपल्या भेटीचा पुरावा मागे ठेवला. त्या काळी लष्करात चकमकीची बंदूक प्रचलित होती. तिला आपल्याकडे पथरकला म्हणत. तोड्याऐवजी गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पाडण्याची तिची रीत होती. तोड्याचा वास आणि उजेड तिने घालवला, तरी रंजक उघड्या कानातच राहिल्याने पावसाची भीती कायम होती. ही अडचण दूर झाली ती टोपीच्या बंदुकीने. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे एकस्व 1807 मध्ये घेतले, आणि पुढच्या दोन दशकांत त्या रसायनाचा थर आतून दिलेली तांब्याची लहानशी टोपी तयार झाली. मराठी मुलखात तिला केप असेही नाव पडले. या टोपीने शिकार सोपी केली, पण तिच्याबरोबर एक नवे परावलंबन आले, ज्याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही: बारूद गावात कुटता येत होती, गोळी चुलीवर ओतता येत होती, टोपी मात्र कारखान्यातूनच आणावी लागत होती. दारूगोळ्याचा पुरवठा रोखून बंदूक निकामी करण्याची सोय सरकारला येथून लाभली.

औरंगाबाद निजामाच्या राज्यात असले तरी येथे हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची, छावणी होती. अशाच छावण्या जालना, हिंगोली, मोमिनाबाद येथेही होत्या. छावणीतल्या अधिकाऱ्यांना रजेचे दिवस, घोडे, हाकारे आणि इंग्लंडहून आणलेल्या बंदुका या सर्वांची अनुकूलता असल्याने मराठवाड्यातल्या शिकारीचे जवळजवळ सारे लिखित साहित्य त्यांच्याच हातचे आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी 1844 मध्ये नेमलेला मेजर रॉबर्ट गिल हा चित्रकार म्हणून जितका, तितकाच वाघांचा शिकारी म्हणून या भागात नावाजला होता; 1879 मध्ये तो निवर्तला आणि त्याचे दफन भुसावळ येथे झाले. पुढच्या पिढीतल्या आर. जी. बर्टन या कंटिन्जंटच्या अधिकाऱ्याने 1928 मध्ये प्रसिद्ध केलेले दख्खनमधील शिकार व वन्यजीवनावरचे पुस्तक जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोकरीतल्या अनुभवावर आधारलेले आहे. औरंगाबादच्या छावणीत 1857 च्या जूनमध्ये घोडदळाने बंड केले, आणि ज्यांना देहदंड झाला त्यांची स्मृती शहरातल्या काळा चबुतऱ्याशी, म्हणजे आजच्या क्रांती चौकाशी, जोडलेली आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या असंतोषाला निमित्त झालेले काडतूस हे कागदाची पुंगळी होते. तिच्यात बारूद आणि गोळी एकत्र बांधलेली असे आणि टोक दातांनी फोडून बारूद नळीत ओतावी लागे.

त्या काडतुसातली एन्फील्ड रायफलची गोळी शिकारीसाठी चांगली की वाईट, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोठा वाद झाला, आणि त्या वादातला सर्वांत वाचनीय ग्रंथ मध्य हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने 1863 मध्ये लिहिला. टोपीवाल्या पाद्र्याशी त्याचा गोंधळ करू नये. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आतून मळसूत्रासारखे आटे काढलेले असतात ती बंदूक. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा टिकते. एन्फील्डची गोळी लांबट, टोकदार आणि सुमारे 34 ग्रॅम वजनाची होती, तिच्यामागे बारूद मात्र साडेचार ग्रॅमच्या आसपास असे. ती हजार पावलांवर शत्रूच्या रांगेत जाऊन पडे, पण तिचा मार्ग कमानीसारखा असल्याने अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती हरणाच्या पाठीवरून किंवा पोटाखालून निघून जाई. फोर्सिथचे म्हणणे असे की जंगलातली शिकार बहुधा शंभर यार्डांच्या आत होते, तेव्हा लांब पल्ल्यासाठी घडवलेल्या गोळीचा शिकाऱ्याला काय उपयोग? त्याने जुनी वाटोळी गोळीच पुन्हा उचलून धरली, मात्र तिच्यामागे जवळजवळ दुप्पट बारूद घालण्याचा आग्रह धरला, आणि एवढ्या जोराने गोळी आट्यांवरून घसरू नये म्हणून आट्यांचा फेर अतिशय मंद ठेवायला सांगितले. चौदा बोरच्या नळीत आठ फुटांहून अधिक लांबीत एक फेर, असे त्याचे प्रमाण होते.

बोर हा शब्द येथे उलगडून सांगणे आवश्यक आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या जितक्या गोळ्या होतात तितक्या बोरची ती नळी, असा हा हिशेब आहे. म्हणून बारा बोरची गोळी चौदा बोरपेक्षा मोठी असते आणि आकडा वाढेल तशी नळी लहान होत जाते. चौदा बोरची वाटोळी गोळी सुमारे 32 ग्रॅम भरते, म्हणजे वजनात ती एन्फील्डच्या गोळीच्या आसपासचीच आहे. फरक पडतो तो रुंदीत आणि वेगात: वाटोळी गोळी अधिक रुंद भोक पाडते आणि दुप्पट बारुदीमुळे शंभर यार्डांपर्यंत जवळपास सरळ जाते. त्यापलीकडे हवेच्या विरोधाने तिचा जोर झपाट्याने ओसरतो, हा दोष फोर्सिथने लपवला नाही. त्याला तो शिकारीच्या बाबतीत दोषच वाटत नव्हता. त्याचे प्रतिपादन झाडीच्या मुलखापुरते पूर्णपणे पटते. हर्सूलच्या आसपासच्या उघड्या माळावर, जिथे काळवीट शंभर यार्डांच्या आत माणसाला सहसा येऊ देत नाही, तिथे ते तितके पटत नाही, आणि माळावरच्या शिकाऱ्यांचा ओढा शेवटपर्यंत लांबट गोळीकडे राहिला तो काही अडाणीपणामुळे नव्हे.

गोळीच्या आकाराइतकाच तिच्या धातूचाही विचार त्या काळी होत असे. शुद्ध शिसे मऊ असते, त्यामुळे हरणाच्या किंवा वाघाच्या अंगात ते चपटे होऊन पसरते. परंतु गव्याच्या किंवा थोराड डुकराच्या हाडावर तीच गोळी वरच्यावर फुटून जाते. म्हणून शिशात कथील किंवा थोडा पारा मिसळून कठीण गोळ्या ओतल्या जात, आणि काळजी घेणारा शिकारी दोन्ही प्रकारच्या गोळ्या वेगळ्या पिशव्यांत बाळगत असे. सिंध प्रांतातल्या जॉन जेकब या सेनानीने पोकळीत स्फोटक भरलेली गोळी तयार करून या साऱ्या विचाराला फाटा देण्याचा प्रयत्न केला. ती बारूदखान्यांवर परिणामकारक ठरली असेल. शिकारीत मात्र ती कातडीपाशीच फुटण्याचा धोका राही. 1860 नंतर पुढे आलेल्या ‘एक्सप्रेस’ रायफलने वेगळी वाट धरली. गोळी हलकी आणि टोकाला पोकळ करायची, बारूद भरपूर घालायची, म्हणजे वेग वाढतो, मार्ग सरळ होतो आणि अंगात शिरताच गोळी उमलते, असे तिचे तत्त्व होते. काळविटासाठी यापेक्षा चांगली गोळी तोवर झाली नव्हती. रानडुकरावर तिचे पितळ उघडे पडे, कारण खांद्याच्या ढालीवरच तिचे तुकडे होत आणि जनावर चवताळून उलटे येई.

रानडुकराच्या बाबतीत छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा एक विचित्र शिष्टाचार होता. घोडा पळू शकेल अशा जमिनीवर डुक्कर बंदुकीने मारणे ते कमीपणाचे समजत. तिथे भाला हेच योग्य हत्यार. डोंगराळ, दगडगोट्यांच्या भागात मात्र बंदूक क्षम्य मानली जाई. ज्या शेतकऱ्याची ज्वारी डुकरे रातोरात आडवी करत होती त्याला या शिष्टाचाराचा काय उपयोग होता, हा विचार त्या पुस्तकांतून अभावानेच आढळतो.

मागून भरण्याची बंदूक आणि टोपी, बारूद व गोळी एकाच पुंगळीत असलेले काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, आणि बारा बोरची दुनळी बंदूक हे सधन घराचे लक्षण झाले. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग 1900 मध्ये औरंगाबादवरून सुरू झाल्यावर मुंबईच्या बंदरात उतरलेला विलायती माल पूर्वीपेक्षा सहज पोहोचू लागला. बारा बोरची मोठी सोय अशी की बंदूक तीच ठेवून केवळ काडतूस बदलले की शिकार बदलत असे. छर्ऱ्यांना आकाराप्रमाणे नावे आणि क्रमांक होते, आणि ते आजही तसेच चालतात: एलजी म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर व्यासाचे, औंसाला सहा बसणारे छर्रे, एसजी त्याहून थोडे लहान, औंसाला आठ, बीबी सुमारे 4 मिलिमीटरचे, आणि पुढे क्रमांक वाढत जाईल तसे बारीक, इतके की सहा नंबरचे छर्रे औंसाला सुमारे 270 बसतात. डुकरासाठी एक अखंड गोळी किंवा एलजी, हरणासाठी एसजी, कोल्ह्यासाठी बीबी, बदकांसाठी चार, तितरासाठी सहा, असा ढोबळ कोष्टकवजा संकेत शिकाऱ्यांत रूढ झाला. त्यातला एसजीचा वापर सर्वांत निंद्य म्हटला पाहिजे, कारण तीस-पस्तीस पावलांपुढे हे आठ-नऊ छर्रे इतके विखुरतात की एखाददुसराच हरणाला लागतो आणि ते जनावर दोन दिवसांनी कुठल्यातरी ओढ्यात मरून पडते. कागदी पुंगळीची काडतुसे पावसाळ्याच्या दमट हवेत फुगून नळीत अडकत, म्हणून काही जण पितळी पुंगळ्या घेऊन त्या घरीच पुनःपुन्हा भरत. हर्सूलच्या तलावासारख्या पाणवठ्यांवर हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे पक्षी उतरतात, आणि दख्खनच्या तलावांवर पहाटे गुडघाभर पाण्यात उभे राहून केलेली बदकांची शिकार हा बारीक छर्ऱ्यांचा मोठा खप होता. तळाशी साचलेले शिशाचे छर्रे खडे समजून गिळल्याने बदकांना विषबाधा होते हे पुढे सिद्ध झाले, आणि अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी घातली.

धूर न करणारी बारूद 1880 नंतर प्रचारात आली आणि गोळीचे सारे गणितच बदलले. वेग इतका वाढला की उघडे शिसे आट्यांवर तासले जाऊ लागले, म्हणून त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवावे लागले. कवचामुळे गोळी पसरेनाशी झाली आणि आरपार निघून जाऊ लागली. ब्रिटिश लष्कराच्या .303 गोळीविषयी वायव्य सरहद्दीवरून अशाच तक्रारी आल्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील तोफखान्याच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी 1890 नंतरच्या दशकात तयार केली. युद्धात अशा पसरणाऱ्या गोळ्या वापरण्यास 1899 च्या हेग परिषदेने मनाई केली. शिकारीत मात्र तीच रचना, ‘सॉफ्ट नोज’ म्हणजे मऊ टोकाची गोळी या नावाने, सर्वमान्य झाली, कारण जनावर जागेवर पडणे हीच तिथे दया मानली जाते. माणसासाठी क्रूर ठरलेली गोळी जनावरासाठी दयेची ठरावी, यात दिसते तितकी विसंगती नाही: सैनिकाला लढाईबाहेर काढणे पुरते, जखमी जनावराला मात्र रुग्णालय नसते.

याच सुमारास कायद्याचा हात गोळीपर्यंत पोहोचला. 1857 नंतर शस्त्रे काढून घेण्याचे धोरण 1878 च्या शस्त्र कायद्याने पक्के झाले होते. आता बंदुकीबरोबर नळीचा व्यासही नजरेखाली आला. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती होत्या आणि त्यांना .450 व्यासाच्या गोळ्या लागत, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान सरकारने या व्यासाच्या शिकारी रायफलींची व काडतुसांची आयात थांबवली. विलायती कारागिरांनी त्यावर .465, .470, .475 अशी नवी काडतुसे घडवली. आज जगभरचे शिकारी ज्यांचे गुणगान करतात त्या या काडतुसांचा जन्म कोणत्याही जनावराच्या गरजेतून झालेला नाही. .303 चे तसेच झाले. लष्करी व्यास म्हणून ती नागरिकांना निषिद्ध ठरल्यावर ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसाच्या धर्तीवर .315 ही पर्यायी रायफल इंग्लंडहून येऊ लागली, आणि पुढे पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच बनवायला घेतली. सुमारे 16 ग्रॅमची, मध्यम वेगाची तिची गोळी हरणाला जास्त आणि गव्याला कमी, अशी अधलीमधली आहे. भारतीय शिकाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तिची भलावण केली, परंतु तिचा मोठा गुण एवढाच की ती परवान्यावर मिळत असे. निजामाचे राज्य या बंदीच्या बाहेर असले तरी माल ब्रिटिश बंदरांतूनच येत असल्याने औरंगाबादच्या जहागीरदाराचीही त्यातून सुटका नव्हती.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. विलायती काडतुसांची आवक आटत गेली आणि त्यांची जागा पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने घेतली. 1869 मध्ये स्थापन झालेला हा कारखाना लष्करी गोळ्यांबरोबर बारा बोरची काडतुसेही बनवतो, आणि ‘शक्तिमान’ हे त्यांचे नाव परवानाधारकांच्या तोंडी बसलेले आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात तर शेतकऱ्याच्या गोळीची निवड संसदेनेच केलेली दिसते: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा, असे त्याच्या तेराव्या कलमात म्हटले असून, ती अपुरी पडेल तिथेच इतर बिनआट्याची बंदूक देण्याची मुभा ठेवली आहे. फोर्सिथच्या, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या, काळातले साधन स्वतंत्र भारतात रानडुकरासमोर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला आले.

त्याच काळात जीप आणि झोतदिवा आले, आणि दारूगोळ्याच्या निवडीची सारी सूक्ष्मता निरर्थक झाली. रात्री दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभ्या राहिलेल्या काळविटावर गाडीतून झाडलेले एसजीचे काडतूसही पुरते. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या दिवसांत पीकसंरक्षणाच्या नावाने दिलेल्या बंदुकांचाही या संहारात वाटा होता. काळविटांचे कळप माळावरून दिसेनासे झाल्यावर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळविटाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपुष्टात आले. जवळच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य 1980 मध्ये, तर कन्नडकडचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले. यांतल्या दुसऱ्याच्या नावात शिकारी म्हणून गाजलेला जेम्स औट्रम अजून आहेच.

रानडुक्कर आणि रोही यांचा उपद्रव मात्र थांबला नाही, उलट लांडगे-बिबटे कमी झालेल्या भागांत तो वाढला. कायद्याच्या अकराव्या कलमानुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या अशा जनावराला मारण्याची परवानगी वनखाते देऊ शकते, आणि महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये या दोन्ही प्राण्यांबाबत ती प्रक्रिया स्थानिक वनाधिकाऱ्यांपर्यंत आणली. 2022 च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेररचना होऊन दोन्ही प्राणी तिसऱ्या अनुसूचीतून दुसरीत गेले. परवानगी मिळाली तरी गोळी कोणी आणि कशाने घालायची हा प्रश्न उरतोच, कारण ठासणीची बंदूक चालवणारे हात आता गावोगाव उरलेले नाहीत, आणि .315 ची रायफल ज्यांच्याकडे आहे ते शेतात रात्र काढणाऱ्यांपैकी नसतात. त्यामुळे राखण चालते ती सौर कुंपणाने, फटाक्यांनी आणि कार्बाइडच्या पाइपातून काढलेल्या आवाजाने. काही ठिकाणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक दडवून ठेवण्याचा बेकायदा आणि अमानुष प्रकारही चालतो, ज्यात डुकराबरोबर गुरेही जबडा गमावतात. खडकीचा कारखाना ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला असून बारा बोरची काडतुसे अजून बनवतो. ती विकत घेणाऱ्याच्या परवान्यावर स्वसंरक्षण, पीकसंरक्षण किंवा क्रीडा असे कारण लिहिलेले असते, आणि क्रीडा याचा आजचा अर्थ कागदी लक्ष्यावरची नेमबाजी असा आहे.